आल्मेन्द्रोच्या सावलीतली रोपं

उष्ण कटिबंधातल्या जंगलांचा अभ्यास करायला थंड देशात जायचं, ही गोष्ट माझ्या मनाला कधीच पटली नाही. पदवीच्या वर्षांत सदाहरित जंगलांविषयी जे काही वाचलं, त्यातलं बहुतेक बर्फ पडणाऱ्या गावांतल्या विद्यापीठांतून लिहिलं गेलेलं होतं. लिहिणारी माणसं मोठी, त्यांची मेहनत खरी, त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यांच्या लेखी असं जंगल म्हणजे उन्हाळी सुट्टीत जाऊन यायची जागा. हिवाळा नसतो, एकदम पानगळ होत नाही, ऋतू ठळक नसतात, अशी सगळी वर्णनं नकारात. मला अशा लोकांत राहून शिकायचं होतं ज्यांचा जन्म त्या जंगलाच्या कडेला गेला आहे.

म्हणून कोस्टा रिका. निकाराग्वा आणि पनामा यांच्या मधला, ५१,१०० चौरस किलोमीटरचा देश. एका अंगाला कॅरिबियन, दुसऱ्या अंगाला पॅसिफिक आणि मधून ज्वालामुखींची रांग. भारताच्या साडेअकरा तास मागे. आईशी फोनवर बोलताना तिच्याकडे आणि माझ्याकडे घड्याळाचे काटे जवळपास सारखेच असायचे, फक्त तिची झोपायची वेळ आणि माझी कॉलेजला निघायची वेळ एक. शिष्यवृत्ती, व्हिसा, कागदपत्रं हे सगळं परदेशी जाणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याचं असतं तसंच माझंही झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. स्पॅनिश मात्र निघण्याआधी नेटाने शिकले होते, कारण तिथले वर्ग स्पॅनिशमध्येच चालतात. पहिलं सत्र कान तयार होण्यात गेलं. नंतर एके दिवशी बसमध्ये मागच्या बाकावरची भांडणं आपोआप कळायला लागली तेव्हा जिवात जीव आला.

राहायला सान पेद्रोमध्ये होते. राजधानी सान होसेला चिकटलेलं हे विद्यापीठाचं उपनगर. कोस्टा रिका विद्यापीठ १९४० सालचं. आवारात इतकी झाडी की वर्गाबाहेरच्या फांदीवर स्लॉथ पसरलेला असायचा आणि त्याच्याकडे नव्या विद्यार्थ्यांखेरीज कुणी मान वर करून बघायचं नाही. आमच्या प्राध्यापिका मात्र बघायच्या. बोलताबोलता थांबून खिडकीतून तो कुठे सरकला ते पाहायच्या आणि मग पुढचं वाक्य पूर्ण करायच्या. या एका सवयीवरून मला त्या आवडायला लागल्या.

ज्यांच्या घरी खोली घेतली होती त्या बाईंना मी थोड्याच दिवसांत मावशी म्हणायला लागले. शब्द मराठीच वापरायचे, त्यांनाही तो आवडला. पहाटे पाचला उजाडायचं आणि साडेपाचला त्यांच्या स्वयंपाकघरातून कॉफीचा वास यायचा. लाकडी स्टँडला कापडी पिशवी लावलेली, त्यात कॉफीची पूड आणि वरून सावकाश ओतलेलं गरम पाणी. खाली कपात थेंब-थेंब पडत राहायचे, तेवढ्यात त्या तव्यावर रात्रीचा भात आणि काळा घेवडा एकत्र परतायच्या. वर कोथिंबीर. हा गायो पिंतो. मी शाकाहारी असल्याचं कळल्यावर त्यांनी आधी काळजीचा चेहरा केला, मग फ्रीज उघडून तळलेली केळी, चायोते, पेहिबाये, पांढरं चीज असं एकेक काढून टेबलावर मांडलं आणि म्हणाल्या, "यातलं तुम्हाला काय चालतं ते सांगा, बाकीचं मी बघते." वयाने माझ्या आईएवढ्या, पण मला शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणाल्या. तिथे घरात मुलाबाळांनाही तसंच बोलतात.

घर सापडायला पहिल्या दिवशी वेळ लागला होता, कारण पत्ता होता 'जुन्या इगेरोनपासून दोनशे मीटर दक्षिणेला, पन्नास पूर्वेला'. इगेरोन म्हणजे वडाच्या जातकुळीतलं मोठं झाड. शंभर मीटर म्हणजे एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत, मग ते अंतर प्रत्यक्षात कितीही असो. मूळ झाड केव्हाच गेलं, तरी अख्खं उपनगर त्याच्यापासून मोजलं जातं. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीला याहून चांगला पत्ता कुठे मिळणार होता?

पावसाचं सांगायला हवं. मे ते नोव्हेंबर सान होसेच्या खोऱ्यात पावसाळा. पण दिवस-दिवस लागून राहिलेली झड तिथे क्वचितच. सकाळी निळंभोर आभाळ, एकच्या सुमारास डोंगरांवरून ढग उतरायला लागतात, आणि तीन वाजता पत्र्याच्या छपरावर असा मारा सुरू होतो की वर्गात शिकवणाऱ्यांना थांबावं लागतं. कुणी चिडत नाही. संध्याकाळपर्यंत पुन्हा मोकळं. लोक आपली कामं सकाळी उरकतात, फिरायला सकाळी जातात, कपडे सकाळी वाळत घालतात. तिथल्या दिवसाची सगळी बांधणीच या पावसाभोवती झालेली आहे, आणि हे कळायला मला पुस्तक लागलं नाही, मावशींची कपड्यांची दोरी पुरली.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळविषयी मात्र थांबून सांगावंसं वाटतं. मध्य अमेरिकेला स्पेनपासून स्वातंत्र्य मिळालं ते १५ सप्टेंबर १८२१ ला. आदल्या संध्याकाळी, बरोबर सहा वाजता, देशभर राष्ट्रगीत होतं. बस थांबतात, दुकानदार बाहेर येतात. मग गल्लीगल्लीतून लहान मुलं निघतात, प्रत्येकाच्या हातात स्वतः केलेला कंदील. पुठ्ठ्याची घरं, पतंगाच्या कागदाचे टुकान, खोक्याच्या बैलगाड्या, आत दिवा. आपल्या आकाशकंदिलांना पाय फुटून ते रस्त्यावर चालायला लागावेत तशी ती मिरवणूक दिसते. मावशींच्या नातवाने त्या वर्षी झाडबेडकाचा कंदील केला होता. डोळ्यांचा लाल कागद मी कापून दिला होता, म्हणून मलाही त्याच्याबरोबर चालायचा मान मिळाला.

दुसऱ्या दिवशी मोठं संचलन. पुढे शाळेचं पथक, मागे शाळेचं पथक, त्याच्या मागे आणखी एक शाळा. ढोल, ताशे, झांजा, घामाने डबडबलेली मुलं. रणगाडे नाहीत, बंदुका नाहीत, कारण या देशाला सैन्यच नाही. १९४८ च्या यादवीनंतर तेव्हाच्या हंगामी सरकारचे प्रमुख होसे फिगेरेस यांनी १ डिसेंबरला बेयाविस्ता बराकीच्या भिंतीवर घणाचा घाव घालून सैन्य बरखास्त केल्याचं जाहीर केलं, आणि १९४९ च्या संविधानाने बाराव्या कलमात ते कायमचं केलं. ती बराक आता राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय आहे. तिच्या बुरुजांवरचे गोळ्यांचे खड्डे मुद्दाम तसेच ठेवले आहेत. मी तिथे गेले तेव्हा एका शाळेची सहल आली होती आणि मुलं त्या खड्ड्यांत बोटं घालून बघत होती. याचा अर्थ तिथे सगळं आलबेल आहे असा नाही. विद्यापीठांच्या निधीसाठी आमच्या वर्गातली मुलं दरवर्षी मोर्चे काढायची, मीही पाहायला जायचे. पण ते भांडण पुस्तकं की प्रयोगशाळा असं चालायचं. शाळेच्या ढोलांमागे शाळेचे ढोल हे दृश्य मला आजही त्या देशाचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाच्या कामासाठी ला सेल्वाला गेले. सान होसेहून सारापिकीकडे जाणारी बस ३२ नंबरच्या महामार्गाने डोंगर चढते, सुर्कीच्या बोगद्यातून पलीकडे जाते आणि एकदम ब्राउलिओ कार्रियो राष्ट्रीय उद्यानात शिरते. हा रस्ता करायचा ठरला तेव्हा रस्त्यामागून कुऱ्हाडी येतील हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून रस्त्याच्या आधी, १९७८ साली, उद्यान जाहीर झालं. रस्ता १९८७ ला खुला झाला. आजही दोन्ही बाजूंना डोंगरउतार रानाने गच्च भरलेले आहेत. पावसाळ्यात दरडी कोसळून तास-तास अडकायला होतं, पण मला त्या अडकण्याचा कधी कंटाळा आला नाही. वाटेत एका पुलावरून दोन नद्यांचा संगम दिसतो. इराझू ज्वालामुखीकडून येणारी, खनिजांमुळे पिवळट-तपकिरी झालेली रिओ सूसिओ आणि स्वच्छ पाण्याची दुसरी नदी. बरंच अंतर दोन्ही रंग एकमेकांना लागून पण न मिसळता वाहतात. त्या पुलावर बसमधले नेहमीचे प्रवासीही मान वळवायचे.

ला सेल्वा हे संशोधन केंद्र दोन नद्यांच्या बेचक्यात, सखल प्रदेशात आहे. वर्षाला सुमारे चार मीटर पाऊस. आधी ही लेस्ली होल्ड्रिज या वनशास्त्रज्ञांची जमीन होती. १९६३ साली स्थापन झालेल्या ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज या विद्यापीठांच्या संघटनेने ती १९६८ मध्ये त्यांच्याकडून घेतली. आज साधारण १६०० हेक्टर. झुलत्या पुलावरून नदी ओलांडली की पलीकडे जंगल सुरू. सायनो, म्हणजे तिथली रानडुकरं, पायवाटेवर खुशाल आडवी बसलेली असतात. त्यांच्या वासाची काही दिवसांत सवय होते.

तिथे मला काका भेटले. ते केंद्रावर क्षेत्र-सहायक होते आणि सगळे त्यांना नावाआधी 'दोन' (Don) हा स्पॅनिशमधला आदराचा शब्द लावून हाक मारायचे, वडीलधाऱ्यांना मारतात तशी. मी मनात काका म्हणायचे आणि इथेही तेच लिहिते. साठी ओलांडलेले, अंगाने बारीक, कमरेला कोयता आणि डोक्यावर रंग उडालेली टोपी. त्यांच्या लहानपणी कुटुंब जमिनीच्या शोधात ग्वानाकास्तेहून सारापिकीला आलं. त्या काळी रान तोडलं की जमीन 'सुधारली' असं धरलं जाई आणि तोडणाऱ्याचा हक्क पक्का होई. काकांनी वडिलांबरोबर रान तोडलं, गुरं पाळली, मग बरीच वर्षं केळीच्या मळ्यात काम केलं. केळीच्या घडांवर कीटकनाशक लावलेल्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवायचं काम. नंतर केंद्रात पायवाटा साफ करायला लागले आणि तिथून झाडांकडे वळले. हे सगळं ते सरळ सांगायचे, ना अभिमानाने ना लाजून. "तेव्हा रान संपेल असं कुणाला वाटत नव्हतं," एवढंच म्हणायचे. पण ते संपत आलं होतं. १९८० च्या दशकापर्यंत देशातलं जंगल घटून जमिनीच्या साधारण पाव हिश्श्यावर आलं. १९९६ च्या वनकायद्याने जंगलजमीन दुसऱ्या वापरासाठी वळवायला बंदी घातली आणि पुढच्या वर्षापासून इंधनावरच्या कराचा काही भाग रान राखणाऱ्या शेतकऱ्यांना मिळायला लागला. आता अर्ध्याहून अधिक देश पुन्हा झाडांखाली आहे. हे आकडे मी वर्गात शिकले होते. त्यांचा एकेक टप्पा ज्याने अंगावर घेतला तो माणूस आता माझ्या पुढे चालत होता.

माझं काम आल्मेन्द्रोच्या रोपांवर होतं. आल्मेन्द्रो हा तिथल्या जंगलाचा राजा. गुळगुळीत, लालसर खोड, पायथ्याला भिंतींसारखे आधार, आणि माथा बाकीच्या जंगलाच्या वर. फुलतो तेव्हा लांबून जांभळ्या-गुलाबी ढगासारखा दिसतो. लाकूड इतकं कठीण की जुन्या काळच्या करवतींनी त्याच्यापुढे हात टेकले. चांगल्या करवती आल्या तेव्हा तो झपाट्याने तुटला. लापा वेर्दे, म्हणजे मोठा हिरवा मकाव पोपट, याच झाडाच्या ढोलीत घरटं करतो आणि याचीच फळं फोडून खातो, त्यामुळे झाडाबरोबर पोपटही जायला लागला. शेवटी २००८ मध्ये न्यायालयाला आल्मेन्द्रो तोडायला मनाई करावी लागली.

आता प्रश्न असा. एवढ्या पावसात, एवढ्या उबेत एखादी जोरकस जात सगळं रान व्यापून का टाकत नाही? एका हेक्टरात शंभराहून अधिक जातींची झाडं आणि एका झाडाचा सख्खा जातभाई मात्र लांब कुठेतरी, असं का? १९७० मध्ये डॅनियल जॅन्झेन यांनी आणि १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जंगलांवर काम करणाऱ्या जोसेफ कॉनेल यांनी वेगवेगळे विचार करून सारखंच उत्तर दिलं. फळं सगळ्यात जास्त पडतात मातृवृक्षाच्या पायथ्याशी. पण त्या जातीवरच जगणारे किडे, बुरशी, बिया खाणारे प्राणी हेही तिथेच जमलेले असतात. म्हणून तिथली रोपं मरतात, आणि एखाद्या वटवाघळाने किंवा गुआतूसाने, म्हणजे तिथल्या मोठ्या उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्याने, लांब नेऊन टाकलेल्या बीला संधी मिळते. मधल्या जागेत दुसऱ्या जाती वाढतात. ला सेल्वातच डेबोरा आणि डेव्हिड क्लार्क यांनी आल्मेन्द्रोच्या रोपांवर याची तपासणी करून १९८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. त्यांच्याच वाटेवरचं एक छोटं काम माझ्या वाट्याला आलं होतं. मातृवृक्षापासून ठरावीक अंतरांवर दोऱ्या लावून चौकटी आखायच्या, आतलं प्रत्येक रोप शोधायचं, त्याला ॲल्युमिनियमचा नंबर बांधायचा आणि पुन:पुन्हा येऊन बघायचं की कोण जिवंत आहे आणि कोण कशाने मेलं.

ऐकायला सोपं. पण जमिनीवर हात-दीड हात उंचीच्या शेकडो रोपांचा गालिचा असतो, सगळी हिरवी, सगळी ओली, निम्म्यांना दोन-चारच पानं. काका गुडघ्यावर बसायचे, एक पान अंगठ्याखाली उलटायचे आणि सांगायचे, "हे नाही. हे आहे. हे नाही." खूण त्यांनी पहिल्याच दिवशी दाखवली होती. आल्मेन्द्रोच्या संयुक्त पानाचा मधला दांडा कडेने पंखासारखा चपटा असतो आणि शेवटच्या पर्णिकांच्याही पुढे तो एकटाच टोकासारखा निघालेला असतो. डोळ्यांना दिसलं नाही तर बोटाने चाचपायचं. पावसात चष्म्यावर पाणी, कपाळावर घाम, वहीचं पान जलरोधक असलं तरी बोटं सुरकुतलेली, अशा अवस्थेत मी ती खूण बोटाने शोधायला शिकले. आजही कुठल्याही संयुक्त पानाच्या टोकाशी माझं बोट आधी जातं.

पण त्यांच्याकडून खरं शिकले ते मरण वाचायला. माझ्या तक्त्यात एक रकाना होता, 'मृत्यूचं कारण'. पहिल्या फेऱ्यांत त्यात बहुतेक ठिकाणी 'अज्ञात' लिहिलेलं होतं, पुस्तकी शिक्षणाने तेवढंच जमत होतं. काका तोच वाळका दांडा हातात घेऊन बघायचे. छेद तिरका आणि स्वच्छ असेल तर गुआतूसाचे दात. देठाचा जमिनीलगतचा भाग काळा आणि मऊ पडला असेल तर बुरशी. पानांचे अर्धगोल तुकडे गेले असतील तर सोम्पोपा, म्हणजे पानं कापून नेणाऱ्या मुंग्या, आणि मग शेजारी त्यांची वाट दिसलीच पाहिजे, ती दिसली नाही तर ते कारण लिहायचं नाही. दांडा चेपून जमिनीला टेकला असेल तर वर बघायचं. वर ताडाचं झाड असेल तर त्याची झावळी पडलेली असणार. रोपावरून वर आणि वरून पुन्हा खाली अशी त्यांची नजर जायची. क्लार्क दांपत्याने प्लास्टिक आणि तारेची खोटी रोपं रोवून वरून पडणाऱ्या फांद्या-झावळ्यांनी किती रोपं मोडतात ते १९८९ मध्ये दाखवून दिलं होतं, हे मी नंतर वाचलं. काकांना तो शोधनिबंध माहीत नव्हता. झावळ्या माहीत होत्या.

हळूहळू 'अज्ञात' कमी होत गेलं. माझ्या प्रबंधात जो काही जीव आहे तो त्या एका रकान्यामुळे आहे असं मी आजही मानते.

जंगलात गमबूट सक्तीचे. कारण तेर्सिओपेलो, तिथला सगळ्यात जास्त चावे घेणारा विषारी साप, नेमका पायवाटेच्या कडेला, वाळल्या पानांत, न दिसेल असा बसतो. काका पानांत हात घालण्याआधी काठीने ती बाजूला सारायचे, एकदाही न चुकता. या सापावरचं प्रतिविष देशातच बनतं, क्लोदोमिरो पिकादो संस्थेत, आणि तिथून ते बाहेरच्या देशांतही जातं. संस्था १९७० ची. ज्यांच्या नावाने ती आहे ते पिकादो सापांवर काम करण्याआधी पॅरिसमध्ये शिकत होते, आणि १९१३ चा त्यांचा प्रबंध होता दुसऱ्या झाडांवर वाढणाऱ्या ब्रोमेलिया वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यांत साठणाऱ्या पाण्याविषयी. त्या ओंजळभर पाण्यात बेडकं, अळ्या, शेवाळ यांचं अख्खं जग राहतं, जमिनीपासून कितीतरी उंच. शिकायला ते परदेशी गेले, पण प्रश्न घेऊन गेले स्वतःच्या देशातल्या फांदीवरचा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. त्यांचं चित्र पूर्वी २००० कोलोनच्या नोटेवर होतं. आताच्या नोटांवर मागच्या बाजूला हरीण, शार्क, माकड असे प्राणी असतात, तेही छान आहे, पण मावशींनी जपून ठेवलेली ती जुनी नोट मी मागून घेतली आहे.

केंद्राच्या फाटकाबाहेर काही किलोमीटरवर अननस सुरू होतात. क्षितिजापर्यंत एकच पीक, एकाच उंचीचं, मध्ये एकही झाड नाही. ताजं अननस निर्यात करण्यात कोस्टा रिका जगात पहिला आहे. वीज जवळजवळ सगळी पाणी, वारा आणि भूगर्भातल्या उष्णतेपासून करणारा देश आणि हे औषधं मारलेलं उघडं रान, दोन्ही एकाच बसच्या खिडकीतून दिसतात. बाहेरचे लोक पहिल्याचेच फोटो काढतात याचा मला राग यायचा. काकांचा मुलगा अननसाच्या मळ्यात काम करायचा. त्यामुळे मळ्यांविषयी बोलताना मी आधी तोंड आवरायला शिकले आणि मग नीट प्रश्न विचारायला: फवारणीच्या दिवशी कामगारांना किती वेळ बाहेर ठेवतात, विहिरीचं पाणी कुणी तपासतं का. उत्तरं माझ्या प्रबंधात बसणारी नव्हती. वहीत मात्र आहेत.

एकदा वर्गाची सहल मोन्तेवेर्देला गेली. अमेरिकेतल्या अलाबामातून आलेल्या क्वेकर, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या, कुटुंबांनी १९५१ मध्ये तिथे वस्ती केली. लष्करात जायला नकार देऊन तुरुंग भोगलेली माणसं त्यांत होती आणि सैन्य नसलेला देश त्यांनी शोधून काढला होता. ओढ्यांच्या उगमाकडचं रान त्यांनी पाण्यासाठी तोडलं नाही. त्याच ढगातल्या रानात सोनेरी भेक राहायचा, जगात फक्त तिथेच. १९८७ मध्ये पावसाच्या डबक्यांभोवती शेकड्यांनी दिसला. १९८९ मध्ये एकच नर दिसला. त्यानंतर कुणालाही दिसलेला नाही. राखीव रानात, कुऱ्हाड न लागता, तो नाहीसा झाला. आमच्या प्राध्यापिका विद्यार्थिनी असताना तिथे गेल्या होत्या. त्या जागी उभ्या राहून त्यांनी आम्हाला बुरशी, तापमान, कोरडी पडलेली डबकी अशी सगळी गृहीतकं समजावली आणि मग म्हणाल्या, "नोंदी ठेवा. कंटाळा आला तरी ठेवा. त्या वर्षी शेवटचं बघतोय हे कुणालाच माहीत नव्हतं."

पुढची सगळी महिनेवार मोजणी मी त्या एका वाक्यावर केली. कपडे कधी पूर्ण वाळायचे नाहीत, पट्ट्याच्या चामड्यावर हिरवी बुरशी चढायची, कॅमेरा सिलिका जेलच्या डब्यात ठेवावा लागायचा. ताप आला की एकटं वाटायचं, सणावाराला जास्तच. पण सकाळी माकडं ओरडायला लागली की काका गमबूट घालून बाहेर उभे असायचे आणि मी निघायचे.

लिहायला बसले तेव्हा एका गोष्टीवर मी अडून बसले. शोधनिबंधांत क्षेत्र-सहायकांचं नाव साधारणपणे शेवटी, आभारांत येतं, अनुदान देणाऱ्या संस्थेच्या खाली. अनेकदा तेही येत नाही. माझ्या आकड्यांतला जो भाग नवा होता, तो काकांच्या नजरेतून आला होता. ती नजर जर मापनपद्धत असेल, तर तिचा कर्ता लेखक आहे. याच देशात १९८९ पासून खेड्यांतल्या माणसांना प्रशिक्षण देऊन जातींची नोंद करणारे पॅराटॅक्सॉनॉमिस्ट तयार केले गेले होते, तेव्हा हा विचार तिथे परका नव्हता. तरी आमच्या समितीतल्या एकांना तो पटेना. त्यांचा मुद्दा असा की लेखकाला निष्कर्षांची जबाबदारी घेता आली पाहिजे, प्रश्नांना उत्तर देता आलं पाहिजे. मुद्दा रास्तच होता.

मौखिक परीक्षेच्या दिवशी काका पहाटेची बस धरून सान होसेला आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात टोपी. मावशी त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. सादरीकरण झालं, आलेख झाले, आणि त्याच सदस्यांनी विचारलं, "झावळीखाली मोडलेलं रोप आणि आधी बुरशीने मेलेलं, नंतर झावळीखाली आलेलं रोप, यांतला फरक तुम्ही कसा केलात?" मी म्हटलं, याचं उत्तर ज्यांनी हा फरक केला त्यांनी द्यावं, अशी माझी विनंती आहे. अध्यक्षांनी मान हलवली. काका उठले. टोपी खुर्चीवर ठेवली आणि सांगायला लागले: जिवंत दांडा मोडला तर सालीचे धागे लांब ओढले जातात आणि तुटलेल्या ठिकाणी ओल राहते. आधीच मेलेला दांडा काडीसारखा आखूड तुटतो, धागा निघत नाही. आणि झावळी उचलल्यावर तिच्याखालची पानं अजून हिरवट असतील तर झावळी ताजी, मग दांडाही ताजा असायला हवा. दोन्ही जुळलं नाही तर आम्ही तिथे 'अज्ञात' लिहिलं, असं ते म्हणाले, आणि तसे किती होते ते तक्त्यात आहे, बाईंनी लपवलेलं नाही.

त्या सदस्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले, दोन्ही काकांनाच. मग आपल्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, हे दांड्याच्या धाग्यांचं पद्धतीच्या प्रकरणात का नाही? मी सांगितलं, घालते. निबंध पुढच्या वर्षी छापून आला तेव्हा ते प्रकरण सगळ्यात लांब झालं होतं आणि लेखकांच्या यादीत काकांचं नाव दुसरं होतं, त्यांच्या दोन्ही आडनावांसकट, तिकडे लिहितात तसं.